बठ्ठासना टीव्ही

दिवंगत रुपचंद आबांची सभा ठेवली आहे, तीही धुळ्याला, हायवेच्या लॉन्सवर, ही ओळ टीव्हीच्या खालच्या पट्टीवर सरकत गेली आणि कुंदाबाईचा खापरावरचा मांडा करपला. उद्याच्या लग्नाची ऑर्डर होती. करपलेला मांडा तिने गाईच्या टोपल्यात टाकला आणि टीव्हीकडे बघून तोंड वाकडं केलं.

"सभा! आबा काय निवडनूकले हुबा व्हतात का?"

ऐकायला घरात कोणी नव्हतं. पण कुंदाबाईला ऐकणारं माणूस लागायचंच असं नाही. आयुष्यातली उमेदीची वर्षं तिने न दिसणाऱ्या लोकांशी बोलण्यात घालवली होती, आणि सगळा साक्री तालुका तिचं ऐकायचा. हे आजच्या पोरासोरांना सांगून खरं वाटत नाही, म्हणून मुळापासून सांगायला हवं.

रुपचंद आबा म्हणजे साक्रीचा पहिला केबलवाला. गावात डिश अशी त्यांनीच आणली. बाजारातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरावर ती उलटी छत्री बसवली, तेव्हा शेजारणींनी विचारलं होतं, आबा, यात कुरडया वाळतील का? आबांनी वायर काढली ती कडुनिंबाच्या फांद्यांवरून, पिंपळावरून, कोणाच्या तुळईवरून, आणि नेली थेट डोंगराकडच्या गावांपर्यंत. वायर जितकी लांब तितकं चित्र पातळ. शेवटच्या गावात तर पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसायच्या. आवाज मात्र खणखणीत जायचा.

कुंदाबाई तिथे गेली ती भांडायला. सिनेमा ऐन रंगात आला असताना केबल गेली होती, आणि ऑफिसच्या दारात उभी राहून तिने आबांच्या सात पिढ्या उद्धरल्या. आबा खुर्चीत बसून सगळं शांतपणे ऐकत होते. तिचा दम संपला तेव्हा म्हणाले, "बाई, हाई बठ्ठं आठे बशीसन बोलशी का?" आणि कॅमेऱ्यासमोरच्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

झालं, तेव्हापासून कुंदाबाई बातम्या सांगायला लागली. चॅनलचं नाव आबांनी ठेवलं 'बठ्ठासना टीव्ही'. बठ्ठासना म्हणजे सगळ्यांचा. त्यावर ज्या बातम्या लागत त्या बाहेरच्या माणसाला बातम्या वाटल्याच नसत्या. कांद्याचा भाव, कोणाची म्हैस हरवली, लाईट कधी जाणार. बोलणं सगळं अहिराणीत, घरी बोलतात तसं. आणि सगळ्यात शेवटी 'दारवर'.

या 'दारवर'साठी लोक हातातली भाकर ठेवून टीव्हीसमोर बसत. आपल्याकडे माणूस गेलं की लोक त्याच्या दारवर जातात. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून मोकळ्या रडतात, बापे ओट्यावर बसतात, फार कोणी बोलत नाही. पण कोणतं दार आणि कोणता वार हे कळायला नको? पोरं चार ठिकाणी राहणार, मेलेल्याचं नाव कागदावर एक आणि गावात दुसरंच. कुंदाबाई सगळं उलगडून सांगायची. कोणाचा पोऱ्या, कोणाचा भाचा, लोक कोणत्या नावाने हाक मारायचे, दार कोणतं. आणि शेवटी एक वाक्य स्वतःच्या पदरचं. "चिंधा आबांनी बैलाला कधी काठी लावली नाही." किंवा, "घरात बाईमाणूस उरलं नाही, येताना भाकरी बांधून आणा." आणि लोक बांधून आणायचे! त्या घरी इतक्या भाकरी आल्या की गल्लीतली कुत्रीसुद्धा जाडी झाली. कुंदाबाईचं शेवटचं वाक्य म्हणजे तालुक्याला हुकूम.

मग योगेंद्र शिकून आला.

आबांचा एकुलता एक. पुण्याहून चार बुकं शिकून आला तो हनुवटीवर बोटभर दाढी आणि उन्हाळ्यातही अंगात कोट घेऊन. हाच पोऱ्या शाळेत जाईपर्यंत अहिराणीशिवाय दुसरा शब्द बोलत नव्हता, हे कुंदाबाईने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. "कुंदामाय, माले बी टीव्हीमा दखाड ना वं!" म्हणून तिच्या पदराला लोंबकळायचा. आता म्हणायला लागला, "मावशी, ही भाषा दुधवाल्यांची आहे. आपल्याला ग्रो व्हायचंय." कुंदाबाई मनात म्हणाली, तू ज्या दुधावर वाढलास ते काय विलायतेहून येत होतं रे मुडद्या?

आबा थकले होते, पोराच्या शब्दाबाहेर नव्हते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चॅनल साक्रीहून धुळ्याला गेलं, घरोघर नवे डबे लागले, शेवटचं गाव सोडलं तर चित्र आरशासारखं झालं. 'बठ्ठासना'चं आधी 'सर्वांचा' झालं, मग तेही गावठी वाटायला लागलं म्हणून 'वाय न्यूज' झालं. वाय म्हणजे योगेंद्र. सगळ्यांचं होतं ते एकाचं झालं आणि या शहाण्याला वाटलं आपण वर चढलो.

'दारवर' हे नावही त्याला चालेना. शुद्ध काहीतरी हवं म्हणून त्याने कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'द्वारदर्शन'. पुढच्या बाजारी डोंगराकडची दिवालीबाई मोहफुलं विकायला आली ती थेट कुंदाबाईकडे. कुंदाबाईला लांबून टीव्हीतली बाई म्हणून ओळखणारी, आणि बोलताना काहीही न झाकणारी. म्हणाली, "कुंदामाय, तू सरकारी व्हई गयी का? आते पेन्शन भेटी ना तुले?" लोकांना ते दूरदर्शन वाटलं होतं. कुंदाबाई पोट धरून हसली, आणि योगेंद्रला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. ज्याला स्वतःवर हसता येत नाही त्याची कुंदाबाईला फार किळस.

पुढे जळगावच्या कोण्या सराफाची जाहिरात आली. नवरीच्या दागिन्यांशेजारी मेलेली माणसं नकोत, असं त्याचं म्हणणं पडलं. योगेंद्रने कार्यक्रम बंद केला. कुंदाबाईला म्हणाला, "तुम्हाला विनोदीमध्ये घेतो." म्हणजे तिने नऊवारी नेसून, हातात लोटा घेऊन, अहिराणीत शिव्या द्यायच्या आणि मागून हसण्याचा आवाज वाजवायचा. अहिराणी म्हणजे काय तर हसायची गोष्ट! पहिल्याच दिवशी तिने तो लोटा स्टुडिओत त्याच्या पायाशी आपटला आणि साक्रीची बस धरली. तेव्हापासून ती बरी आणि तिचं खापर बरं.

असा हा योगेंद्र बापाची सभा घेत होता.

कुंदाबाई गेली. योगेंद्रासाठी तिच्या पायातली चप्पलही गेली नसती, ती गेली आबांसाठी. लॉन्सवर पांढऱ्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा, खुर्च्यांना पांढरे झगे, वर फिती. कोणीतरी व्हायोलिन वाजवत होता. पुढच्या रांगेत दोन पुढारी, एक फैजपूरचा केळीचा व्यापारी आणि जाहिरातवाले. मागे सगळ्या खुर्च्या मोकळ्या. ज्या आबांनी तालुक्यातलं एक दार सोडलं नाही, पावसापाण्यात मोटारसायकल ढकलत जाऊन लोकांच्या ओट्यावर बसले, त्यांच्या सभेला तालुक्यातलं कुत्रंही आलं नव्हतं.

योगेंद्र माईकवर बोलत होता. "पप्पा एक व्हिजनरी होते." पुढच्या रांगेत त्याची आई, कमलबाई, पांढऱ्या पातळात आखडून बसली होती. कुंदाबाईला पाहिलं आणि तिच्या छातीतून हंबरडा निघाला, "माय वं, कुंदा..." तेवढ्यात कानाला यंत्र लावलेली एक पोरगी धावत आली आणि वाकून म्हणाली, "काकू, प्लीज, रेकॉर्डिंग चालू आहे."

कमलबाईने पदर तोंडात कोंबला. कुंदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा मेलेल्या बाईला रडू देत नाहीत, यांच्या रेकॉर्डिंगला काय जाळायचंय? तिने कमलबाईचा हात धरला. तो हात गार होता. कमलबाई हळूच म्हणाली, "कुंदा, मना मानूसना दारवर कोनीच उनं नही. बठ्ठं जलम त्या लोकेसना दारवर गयात."

ते वाक्य कुंदाबाईबरोबर बसमध्ये बसलं आणि साक्रीला घरी आलं.

लोक का आले नाहीत ते बाजाराच्या दिवशी कळलं. दिवालीबाईला तिने फैलावरच घेतलं. "लाज नही वाटनी का तुमले? आबा गयात नि एक मानूस उनं नही!" दिवालीबाईने मोहफुलांची टोपली खाली ठेवली आणि तीच उलट चिडली. "आमी बठ्ठा गाव नवं लुगडं नेसीन रस्तावर बसनूत ना! गाडीच उनी नही!"

"कसानी गाडी?"

"सभानी. सभा ऱ्हास तधय गाडी धाडतस, जेवन देतस. सकायपाईन वाट दखी." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आमी सांगं, आबा मोठा व्हई गयात, आते त्यासले आमनी गरज नही."

चूक दिवालीबाईची नव्हती. सभा म्हटलं की ट्रक येतो, झेंडा येतो, पुरीभाजी मिळते, हे या लोकांना पुढाऱ्यांनीच शिकवलेलं. त्या शहाण्याने शुद्ध मराठीत बापाचा निरोप दिला आणि बापाच्या माणसांनी तो उन्हात बसून पाळला. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी योगेंद्रची गाडी तिच्या दाराशी लागली. काळा चष्मा लावून तो उंबऱ्यात उभा राहिला. कुंदाबाईने बस म्हटलं नाही. पीठ मळत राहिली.

"मावशी, आईने जेवण सोडलंय."

"मग डॉक्टरकडे ने. मी काय करू?" त्याच्याशी ती मराठीतच बोलायची. त्याला जे आवडतं ते त्याला.

"ती म्हणते, लोक दारवर यायला पाहिजेत." 'दारवर' म्हणताना त्याची जीभ अडखळली. "तुम्ही एकदा वाचा. फक्त एकदा."

"का? सराफ रागावणार नाही? आणि नवऱ्या?"

त्याने चष्मा काढला तेव्हा डोळे सुजलेले दिसले, पण कुंदाबाईचं मन द्रवलं नाही. सुजलेले डोळे तिने पुष्कळ पाहिले होते, आणि त्यातले निम्मे लबाड निघाले होते. तिला कमलबाईचा तो गार हात आठवत होता. याला नाही म्हणायचं सुख मोठं होतं, पण ते सुख कमलबाईच्या ताटातून घ्यावं लागणार होतं.

"वाचीन. पण दार साक्रीचं, डिशवाल्या घराचं. तुझ्या बंगल्याचं नाही. आणि आधी रेकॉर्ड करून कापाकापी करायची नाही. सरळ, आहे तसं."

"मजकूर लिहून देता का?"

"मजकूर माझ्या तोंडात आहे," कुंदाबाई म्हणाली आणि पिठावर फडकं टाकलं.

स्टुडिओत तिला पावडर लावायला एक पोरगी आली, तिला तिने हाताने दूर केलं. समोर दिवे, काचेपलीकडे योगेंद्र हाताची घडी घालून उभा. लाल दिवा लागला. किती दिवसांनी त्या दिव्याकडे बघत होती, पण आवाज कुठेही गेला नव्हता, गळ्यातच बसून होता.

"आयका हो मायबाप. मी कुंदाबाई. आपला रुपचंद आबा गयात. केबलवाला आबा, बठ्ठासना टीव्हीवाला आबा. दार साक्रीनं, बजारमातलं डिशवालं घर. येत्या बेस्तरवारले दिनभर बसतीन. सभा नही, भाषन नही, गाडी येवाव नही. आपला पायवर या. आबा तुमना दारवर आपला पायवर उना व्हतात."

इथे थांबायचं होतं. पण काचेपलीकडे तिला तो कोट दिसला, ती बोटभर दाढी दिसली, दुधवाले आठवले, लोटा आठवला, 'काकू प्लीज' आठवलं. आणि शेवटचं वाक्य नेहमीसारखं तिच्या पदरचं होतं.

"आबासना मांगे कमलबाई शे. एक आंडोर शे. आंडोरले अहिराणी येत नही. त्याना संगे मराठीमा बोला."

काचेपलीकडे त्या आंडोराची, म्हणजे आबांच्या मुलाची, हाताची घडी सुटली. पण वाक्य तारेवरून गेलं होतं, ते आता कोणाच्या बापाला परत घेता येणार नव्हतं. कुंदाबाई उठली. घरी जाताना बसमध्ये तिला इतकं हलकं वाटत होतं की शेजारच्या अनोळखी बाईला तिने खिडकीची जागा देऊन टाकली.

बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, साक्रीचा बाजार रस्ता बंद पडला.

पायी आले, टेम्पो करून आले, एका मोटारसायकलवर तिघं आले. शेवटच्या गावाहून म्हातारा वना काठी टेकत आला. कुंदाबाईला बघून त्याने ओळखलं नाही, ती "बसा नाना" म्हणाली तेव्हा दचकला. "आरे! मुंग्यासमातली बाई!" त्याने तिचं तोंड आजवर पाहिलंच नव्हतं. आतल्या खोलीत बायकांनी कमलबाईला मधे घेतलं आणि रडण्याचा जो कल्लोळ उठला तो वरच्या गंजलेल्या डिशपर्यंत गेला असेल. कमलबाई आबांची एकेक गोष्ट काढून रडली, कोणी तिला हळू म्हणालं नाही. मग दिवालीबाईने आणलेली भाकर तिने चटणीशी खाल्ली. कुंदाबाईने ते डोळे भरून पाहिलं. आबांचं दार भरलं होतं.

बाहेर ओट्यावर योगेंद्र बसला होता. कोट नव्हता, साधा सदरा, डोकं भादरलेलं. लोक एकेक करून त्याच्यासमोर येत होते, आणि आले की थबकत. टीव्हीवर सांगितलेलं त्यांना पक्कं आठवत होतं. मग माणूस सदरा सारखा करायचा, तहसीलदारापुढे उभं राहावं तसा उभा राहायचा आणि मनात जमवलेलं मराठी बाहेर काढायचा. कोणी तलाठ्याकडून ऐकलेलं, कोणी शाळेतून, कोणी टीव्हीवरून.

"आपणास कळवतो की फार वाईट झाले."

"आपले वडील सज्जन इसम होते."

वनाने तर खूप विचार केला, हात जोडले आणि म्हणाला, "व्यत्ययाबद्दल क्षमस्व, साहेब."

कुंदाबाई दाराआड पदरात तोंड खुपसून हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. घे, म्हणाली मनात, घे शुद्ध! पोटभर घे! कोणी त्याच्या खांद्यावर हात ठेवत नव्हतं. साहेबाच्या खांद्यावर कोण हात ठेवणार? आतल्या बाया कमलबाईला कुशीत घेत होत्या आणि हा ओट्यावर, पाहुण्यासारखा, नमस्कार घेत बसला होता. दुपारपर्यंत कुंदाबाईला मजा वाटली. मग त्याचा चेहरा बघवेना. बाप जाऊन इतके दिवस झाले, पण या पोऱ्याला अजून कोणी जवळ घेतलेलं दिसत नव्हतं. तरी ती दाराआडून हलली नाही. नखरेल कुठला, असू दे थोडा वेळ अजून.

शेवटी दिवालीबाई जायला निघाली, त्याच्यासमोर सरळ उभी राहिली आणि शाळेतल्या पोरीसारखं एका दमात म्हणाली, "आपण रडू नये. देवाची इच्छा आहे."

योगेंद्रने तिच्याकडे बघितलं आणि त्याचा बांध फुटला. तिचे दोन्ही हात धरून तो ओरडला, "माय वं, मना बाप मरी गया वं! मी काय करू आते?"

दिवालीबाई घाबरली. एकदा त्याच्याकडे, एकदा लोकांकडे बघितलं. पण टीव्हीवर सांगितलं होतं ते सांगितलं होतं. तिने हात हळूच सोडवून घेतले.

"होय साहेब," ती म्हणाली. "फार वाईट झाले, साहेब."

कुंदाबाई दाराआडून धावत बाहेर आली. पायात चप्पल नव्हती, पदर डोक्यावर नव्हता. "आवं दिवाली, त्याले अहिराणी येस! लहानपनपाईन येस त्याले! जवळ ले त्याले, पोऱ्या शे आपला!"

दिवालीबाईने तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत कुंदाबाईबद्दल शंका होती.

"मंग," तिने विचारलं, "तू टीव्हीवर काबर तसं सांगं?"